निरंक

सरकारी भाषेतल्या ज्या मोजक्या शब्दांवर माझे मनापासून प्रेम आहे, त्यांत ‘निरंक’ हा एक. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत तो नित्य वापरला जातो. वरून माहिती मागविली गेली, की आपल्या गावात तसे काही घडलेले नसले तरी गप्प बसून चालत नाही. विवरणपत्र घ्यायचे, रकान्यात ‘निरंक’ असे लिहायचे, खाली सही करायची आणि ते वेळेवर पाठवून द्यायचे. माझे काका तलाठी होते. त्यांच्या दप्तरात हा शब्द मी लहानपणी प्रथम पाहिला. प्रत्येक वेळी तो ठसठशीत अक्षरांत, जणू काही मोठी मिळकत नोंदवावी अशा थाटात लिहिलेला असे. पुढे मी दिल्लीला केंद्र सरकारच्या एका कचेरीत लिपिक म्हणून रुजू झालो. येथे त्याच अर्थी ‘निल’ म्हणतात, अथवा हिंदीत ‘शून्य’ म्हणतात. पण ‘निरंक’मध्ये जी भारदस्त ग्वाही आहे ती त्या दोन्ही शब्दांत मला सापडत नाही. आम्ही पाहिले, शोधले, आणि सांगण्याजोगे काही आढळले नाही, एवढे सगळे तो एकटा शब्द सांगतो. निदान त्याने सांगावे अशी अपेक्षा असते.

ही अपेक्षा किती वेळा खरी ठरते, याचा विचार मला करावयास लावला तो यंत्रांनी. आमच्या कचेरीच्या सात शाखा देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत आहेत आणि त्या प्रत्येकीत एक सर्व्हर आहे. ज्यांचा या वस्तूशी परिचय नसेल त्यांनी असे समजावे, की हा एक रात्रंदिवस जागा असलेला संगणक असून त्या शाखेचे सारे दप्तर त्याच्या पोटात असते. आमच्या यंत्रांच्या पोटात सेवापुस्तके आणि निवृत्तिवेतनाची प्रकरणे आहेत. मी विज्ञानाचा पदवीधर. तेवढ्या भांडवलावर या सात यंत्रांची खुशाली विचारण्याचे काम माझ्याकडे आले. दुरुस्तीचे कंत्राट एका कंपनीकडे आहे. मी दर सोमवारी सकाळी प्रत्येकाची प्रकृती विचारायची, उत्तर जपून ठेवायचे, आणि महिन्याअखेर त्यांचे एक विवरणपत्र तयार करून वर पाठवायचे.

हे विचारणे काळ्या पडद्यावर चालते. तेथे चित्रे नसतात, बटणे नसतात. एक छोटीशी रेघ लुकलुकत असते आणि तुम्ही काहीतरी लिहिण्याची वाट पाहत असते. तुम्ही एक शब्द लिहावा, यंत्राने त्याचे उत्तर अक्षरांतच द्यावे, असा हा व्यवहार आहे. संगणकाच्या जगात याला जुनाट म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो पत्रव्यवहारासारखा वाटतो, आणि पत्रव्यवहार हा तर आम्हा लिपिकांचा कुलधर्मच.

पत्र लिहिण्यापूर्वी माणूस घरी आहे की नाही हे पाहावे, त्याप्रमाणे मी आधी ‘पिंग’ करतो. माइक मूस नावाच्या अमेरिकन गृहस्थाने डिसेंबर १९८३ मध्ये ही आज्ञा लिहिली. पाणबुड्या पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या ध्वनीवरून त्याने तिचे नाव ठेवले. दिल्लीतून हाक जाते आणि गुवाहाटीहून काही सहस्रांश सेकंदांत ‘ओ’ येते. त्यानंतर ‘एसएसएच’ या बंद लिफाफ्यातून आत शिरावयाचे. हा लिफाफा १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू य्लोनेन याने तयार केला. त्या विद्यापीठाच्या जाळ्यात कोणी चोरून लोकांचे परवलीचे शब्द टिपत होता, ते त्याला निमित्त झाले. त्यापूर्वीचा व्यवहार म्हणजे उघड्या पोस्टकार्डावर तिजोरीची खूण लिहिण्यापैकी होता.

आत गेल्यावर मी विचारतो ते प्रश्न फार थोडे आहेत. पहिला ‘अपटाइम’. किती दिवस अखंड जागा आहेस, आणि कामाची गर्दी किती? गर्दीचे उत्तर तीन आकड्यांत येते: गेल्या एका मिनिटाची सरासरी, पाच मिनिटांची आणि पंधरा मिनिटांची. पोस्टात चार खिडक्या असाव्यात आणि चारच माणसे असावीत, तर कोणाला तिष्ठावे लागत नाही. आठ झाली की चार जण रांगेत. यंत्राचेही तसेच. शिवाय लिनक्स या प्रणालीत जे काम डिस्कच्या उत्तराची वाट पाहत खोळंबले आहे तेही रांगेत मोजले जाते. म्हणून रांग लांब दिसली तर खिडकीवरचा कारकून मंद आहे, की आतल्या खोलीतून दप्तर यायलाच उशीर होतो आहे, हे निराळे पाहावे लागते. तीन आकडे एकत्र वाचायला मला गंमत वाटते. पहिला लहान आणि तिसरा मोठा असला, तर गर्दी ओसरते आहे. उलट असले, तर गर्दी आताच जमू लागली आहे. तेवढ्या तीन आकड्यांत पाव तासाची एक कहाणी असते.

दुसरा प्रश्न ‘डीएफ’. डिस्कवर जागा किती उरली? हा प्रश्न दोन तऱ्हांनी विचारावा लागतो. जागा शिल्लक असूनही नवे टिपण ठेवता येत नाही असे कधी घडते. कारण प्रत्येक टिपणाला नोंदवहीत एक क्रमांक लागतो आणि बारीकसारीक टिपणांनी ते सगळे क्रमांक संपविलेले असतात. कपाट अर्धे रिकामे, परंतु आवक-नोंदवहीची पाने संपली, अशातला हा प्रकार. तिसरा प्रश्न ‘फ्री’. मोकळी स्मृती किती? येथे नवखा मनुष्य हमखास घाबरतो, कारण मोकळ्या स्मृतीचा आकडा नेहमीच चिमुकला दिसतो. वास्तविक यंत्राने रिकामी स्मृती वाया न घालविता नुकत्याच वाचलेल्या कागदांसाठी ती तात्पुरती वापरलेली असते, आणि कोणी मागताच ती परत द्यावयास ते सिद्ध असते. खरा आकडा शेजारच्या ‘उपलब्ध’ या रकान्यात असतो.

हे प्रश्न विचारता विचारता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. जागेविषयी विचारले तर जागेविषयी सांगेल. तेवढ्यात शेजारची डिस्क शेवटचे श्वास घेत असली तरी त्या उत्तरात तिचा उल्लेख यायचा नाही. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. आपण सर्वच जण असे वागतो. जुन्या मराठी पत्रांतला मायना मला या संदर्भात नेहमी आठवतो: ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत जावे.’ किती सुबक रीत! आधी आपले सांगायचे, मग त्याचे विचारायचे. आणि एकदाच न विचारता ‘करीत जावे’ अशी विनंती करायची. पण याच मायन्याचा दोष असा, की तो छापील झाला. कुशल विचारणारा उत्तराची वाट पाहीनासा झाला आणि सांगणारा स्वतःकडे पाहीनासा झाला.

यंत्राचे मौन हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. आज्ञा यशस्वी झाली की यंत्र मनातल्या मनात एक आकडा नोंदविते आणि तो असतो शून्य. आपल्याकडे शून्य मिळालेल्या मुलाला घरी जायची भीती वाटते. तेथे शून्य म्हणजे पूर्ण यश आणि दुसरा कोणताही आकडा म्हणजे काही तरी बिघडले. हे न्यायाचेही आहे, कारण यशाचा प्रकार एकच असतो आणि अपयशाचे पुष्कळ. तेव्हा उरलेले सगळे आकडे अपयशासाठी मोकळे ठेवले हे बरेच झाले. परंतु पडद्यावर काहीच उमटले नाही, तर त्याचे अर्थ तीन होऊ शकतात. एक, शोधले आणि काही सापडले नाही. दुसरा, शोधण्याचा अधिकारच नव्हता. यंत्राच्या रोजनिशीला ‘जर्नल’ म्हणतात. ज्याच्यापाशी अधिकार नाही त्याला ती केवळ त्याच्या स्वतःच्या नोंदी दाखविते, आणि कोणी सूचनांच्या ओळी दडविण्याची आज्ञा देऊन ठेवली असेल तर बाकीचे झाकलेले आहे हेही कळत नाही. तिसरा अर्थ, प्रश्न तेथवर पोचलाच नाही. पहिले मौन हेच काय ते निरंक. दुसऱ्या दोन मौनांना तो शब्द लावणे म्हणजे न पाहिलेल्या पंचनाम्यावर सही करणे आहे.

आमच्या मासिक विवरणपत्रात रकाने चार: शाखा, यंत्र, चालू की बंद, आणि शेरा. मी आलो तेव्हा मागील कित्येक महिन्यांची विवरणपत्रे चाळून पाहिली. सात ओळी, सात वेळा ‘चालू’, आणि शेऱ्यात सात वेळा ‘निल’. ज्या महिन्यात यंत्र बंद पडले असेल त्या महिन्यात ते दुरुस्त झाल्यावरच पत्रक गेले असावे, इतके ते निष्कलंक होते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका सोमवारी गुवाहाटीच्या यंत्राचे उत्तर निराळे आले. त्या यंत्रात दोन डिस्क आहेत आणि दोहोंवर अक्षरशः तेच दप्तर उमटत असते, म्हणजे एक गेली तरी दुसरी असावी. त्यांची हकीकत विचारली, की चौकटी कंसात दोन ‘यू’ शेजारी शेजारी दिसतात; दोघी चालू आहेत असा त्याचा अर्थ. त्या दिवशी कंसात एकच ‘यू’ होता आणि दुसऱ्याच्या जागी एक आडवी रेघ. बाकी सारे उत्तम. गर्दी नाही, जागा मुबलक, स्मृती पुरेशी. मी तेथल्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “मशीन तो एकदम ठीक चल रहा है, दादा. किसी का कोई कंप्लेंट नहीं.” तो खोटे बोलत नव्हता. दुसरी डिस्क ठेवण्याचा हेतूच असा, की पहिली गेल्याचे कोणाला जाणवू नये. आणि तो हेतू इतका सफळ झाला होता, की खरोखरच कोणाला जाणवले नव्हते.

महिनाअखेर होती. मी त्या ओळीच्या शेऱ्यात दोन वाक्ये लिहिली आणि कागद आमच्या अनुभाग अधिकाऱ्यांपुढे ठेवला. ते सज्जन आहेत आणि त्यांच्या सेवेची त्या वेळी तीनच वर्षे उरली होती. त्यांनी चष्मा कपाळावर सरकविला.

“मशीन चल रही है न?”

“जी, चल रही है.”

“तो ‘निल’ लिखिए. शेरा लिखेंगे तो ऊपर से दस सवाल आएँगे, और जवाब आप ही को देने पड़ेंगे.”

मराठी माणसांत बसल्यामुळे ‘शेरा’ हा शब्द ते आता आमच्यासारखाच वापरतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. सरकारात शेरा हे एक बीज आहे. त्यातून पत्र, पत्रातून स्मरणपत्र, आणि स्मरणपत्रातून खुलासा उगवतो. मी त्यांना एवढेच म्हटले, की साहेब, समजा आपले सेवापुस्तक दोन प्रतींत ठेवलेले आहे. त्यांतली एक प्रत काल पाण्यात गेली. दुसरी धड आहे, म्हणून आपण ‘दोन्ही प्रती ठीक’ असे लिहून द्याल काय? आठवड्यातून एकदा राखीव प्रत घेतली जाते हे खरे; परंतु मधल्या सहा दिवसांत ज्यांचे प्रकरण मंजूर झाले त्यांचे कागद आज त्या एका डिस्कवर आहेत.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आपल्या सेवापुस्तकाचा विचार त्यांच्या मनात आला असावा. मग म्हणाले, “लिखिए. मगर दो लाइन से ज़्यादा नहीं.” आणि सही करण्यापूर्वी त्यांनी माझ्या पहिल्या वाक्यातला ‘शायद’ हा शब्द स्वतः खोडला.

वरून दहा प्रश्न आले नाहीत; तीन आले. नवी डिस्क बसायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मी सोमवारची वाट पाहिली नाही. रोज सकाळी कचेरीत येताच आधी गुवाहाटीची चौकशी करीत असे. डिस्क बसल्यावर जुनीवरून नवीवर दप्तर उतरू लागले आणि ते किती उतरले याची टक्केवारी पडद्यावर येऊ लागली. संध्याकाळी कंसात पुन्हा दोन ‘यू’ दिसले. पुढच्या महिन्याच्या पत्रकात त्या ओळीला मी ‘निल’ लिहिले. कागदावर ते मागच्या ‘निल’हून तिळभरही निराळे दिसत नव्हते. कोणी आभार मानले नाहीत, मानण्याचे कारणही नव्हते; ज्यांचे कागद होते त्यांना ते धोक्यात होते हेच ठाऊक नाही. आपल्या कामाची ही जात आहे. ते नीट झाले, तर काहीच घडत नाही.

येथे कोणी म्हणेल, की मग यंत्राने स्वतःच का सांगू नये? ते सांगतेही. यंत्रांच्या नोंदींना तातडीच्या आठ पायऱ्या लावण्याची रीत एरिक ऑलमन याच्या ‘सिसलॉग’पासून, म्हणजे १९८० च्या दशकापासून रूढ आहे. शून्य म्हणजे प्रणालीच निरुपयोगी झाली, आणि सात म्हणजे केवळ कारागिराच्या उपयोगाची बारीक माहिती. आमच्या फायलींवरच्या ‘तातडीचे’ आणि ‘अति तातडीचे’ या चिठ्ठ्यांहून ही व्यवस्था अधिक बारकाईची आहे. पण नोंद असणे निराळे आणि ती कोणी वाचणे निराळे. शिवाय यंत्राची स्वतःविषयीची जाण तरी कितीशी पुरी असते? डिस्कमध्ये स्वतःची प्रकृती तपासण्याची सोय असते आणि विचारले, की ती बहुधा ‘उत्तीर्ण’ म्हणून सांगते. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बंद पडल्या त्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार ठळक लक्षणांपैकी एकही आधी दाखविले नव्हते. म्हणजे अर्ध्याअधिक वेळा खुशालीचे पत्र लिहिता लिहिताच त्या गेल्या.

हे वाचले आणि मला मिरजेचे आमचे घर आठवले. माझे वडील तेथे एकटे राहतात. रोज रात्री फोन करून मी विचारीत असे, “बाबा, कसे आहात?” आणि ते म्हणत, “ठीक आहे रे. तुझं सांग.” जुना मायनाच तो, फक्त तोंडी. यंत्रांच्या संगतीने माझी विचारण्याची पद्धत बदलली. आता मी विचारतो, “बाबा, आज भाजीला चालत गेलात की रिक्षाने?” “जिन्यात कितव्या पायरीवर थांबलात?” पहिल्या दिवशी ते हसले, म्हणाले, “हा काय चौकशी-आयोग नेमलास?” पण उत्तर मात्र त्यांनी प्रामाणिकपणे दिले. उन्हाळ्यात ते न थांबता वर जात. दिवाळीनंतर सहाव्या पायरीवर थांबू लागले. प्रत्येक दिवशी ते ‘ठीक’च होते, पण सहा हा आकडा ठीक म्हणत नव्हता. डॉक्टरांकडे जाण्याचा विषय मी तेवढ्या आधारावर काढला, आणि त्यांना माझे म्हणणे नाकारता आले नाही, कारण आकडा त्यांनीच दिलेला होता. आता औषध सुरू आहे, आणि पायऱ्यांची चौकशीही.

यातून मी एक शिकलो. बिघाडाच्या दिवशीचा अहवाल एकटा मुका असतो. त्याला वाचा फुटते ती चांगल्या दिवसांच्या अहवालांमुळे. यंत्र अडले म्हणजे कंपनीचा अभियंता एक मोठा अहवाल मागतो. ‘सॉस’ नावाची एक आज्ञा आहे. ती यंत्रातली मांडणी, रोजनिश्या, डिस्कांची आणि जाळ्याची हकीकत असे सारे गोळा करून एक गाठोडे बांधते. नाव ऐकून बुडत्या जहाजाच्या हाकेची आठवण व्हावी, आणि बहुतेक लोक तिला बुडतानाच हाक मारतात. आमच्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी मला मोजक्या आज्ञांपुरता वरचा अधिकार दिला आहे. मी हे गाठोडे दर तीन महिन्यांनी, सगळे सुरळीत असतानाच बांधून ठेवतो. ते बाहेर द्यायचे झाले, तर त्यातली यंत्रांची नावे आणि पत्ते बदलून झाकण्याचीही सोय तिच्यात आहे आणि ती वापरल्यावाचून मी गाठोडे कोणाच्या हाती देत नाही. दुखणे वैद्याला दाखवावे. घराच्या किल्ल्या दाखविण्याचे प्रयोजन नाही.

या नोंदी जपण्याला आता नियमाचेही पाठबळ आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रांच्या नोंदी १८० दिवस, त्याही भारतातच, राखून ठेवाव्या लागतात. आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळविलेली असावी लागतात. ही प्रयोगशाळा येथे दिल्लीतच आहे आणि भारताची प्रमाणवेळ तिच्याच घड्याळांवर ठरते. गुवाहाटीला सूर्य लवकर उगवतो, जोधपूरला उशिरा. पण माझ्या सातही यंत्रांच्या नोंदीत एकाच क्षणाला एकच वेळ लिहिलेली असते. तसे नसते, तर कोणते आधी घडले आणि कोणते त्यामुळे घडले, हे कोणाला सांगता आले नसते.

आमचे ते अनुभाग अधिकारी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. गेल्या महिन्यात मी पत्रक पुढे ठेवले तेव्हा त्यांनी सात ‘निल’ एकेक करून बोटाने मोजले, आणि नेहमीप्रमाणे सही न करता मला विचारले, “देख के लिखा है?”

मी “जी” म्हटले. त्यांनी सही केली.

हा प्रश्न इतक्या वर्षांत मला प्रथमच विचारला गेला. माझ्या मते तो पत्रकावरच छापून टाकावा, पाचवा रकाना करून. त्यात काकांच्या वळणाने ‘निरंक’ लिहिण्याची मुभा मिळाली तर आणखीच उत्तम. परंतु तो आग्रह मी धरणार नाही.